फोटोडायोड अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटचं जादा प्रवाहापासून संरक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटोडायोडच्या (प्रकाशाच्या प्रमाणात प्रवाह देणाऱ्या डायोडच्या) मागे ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारी चिप) लावून प्रकाश मोजणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वेगळं सांगितलं नसेल तिथे एकच मांडणी धरा : डायोडचा कॅथोड ऑप-अँपच्या उणे इनपुटला, ॲनोड ग्राउंडला किंवा ऋण बायसला (डायोडला उलट दिशेने कायम दिलेल्या व्होल्टेजला), अधिक इनपुट ग्राउंडला, आणि आउटपुटपासून उणे इनपुटपर्यंत फीडबॅक रोध.

१. फोटोडायोडवर फार जास्त प्रकाश पडला तर ऑप-अँप जळतो का?

बायस नसेल तर बहुतेक वेळा नाही. सिलिकॉन फोटोडायोड ८५० ते ९०० नॅनोमीटरच्या आसपास दर वॅटला साधारण अर्धा अँपिअर देतो. म्हणजे १ मिलिवॅट प्रकाशाला अर्धा मिलिअँपिअर. आजच्या अनेक ऑप-अँपच्या इनपुट पिनला ५ ते १० मिलिअँपिअर चालतात. तिथवर पोचायला १० ते २० मिलिवॅट प्रकाश थेट डायोडवर पडायला हवा. लेझरवाल्यांना हे सहज जमतं, बाकीच्यांना सहसा नाही. शिवाय बायस नसलेला डायोड स्वतःच अर्ध्या व्होल्टच्या आसपास अडतो (प्रश्न ३ पाहा).

२. मग इनपुट मरतात ते कशाने?

साठलेल्या विद्युतभाराने. माझ्या मते या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, कारण लोक प्रकाशाची काळजी करत बसतात आणि नुकसान दुसऱ्याच वाटेने येतं.

वाटा चार. पहिली, बायस सप्लाय : तो एकदम चालू झाला की डायोडच्या कपॅसिटन्समधून झटका थेट इनपुटला बसतो. दुसरी, बायसवर लावलेला गाळणीचा कपॅसिटर. तिसरी, केबल : ५० ओमच्या को-ॲक्स केबलला मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड असतात. ती १०० व्होल्टला भरलेली असताना चालू सर्किटला जोडली, तर १० नॅनोकूलंब भार काही नॅनोसेकंदांत पिनवर येतो, म्हणजे प्रवाह अँपिअरमध्ये जातो. चौथी, आपलं बोट. स्थिर विजेच्या चाचणीसाठी माणसाचं जे प्रमाण मॉडेल वापरतात ते १०० पिकोफॅरड आणि १.५ किलोओमचं आहे. २ किलोव्होल्टला त्यातून १.३ अँपिअरचा शिखरप्रवाह निघतो.

मी स्वतः गमावलेला पहिला महागडा ऑप-अँप केबलने मारला होता. डायोड झाकलेला होता, प्रकाशाचा थेंबही नव्हता. बायस चालू ठेवून कनेक्टर लावला, एवढंच झालं.

३. आउटपुट सॅच्युरेट झाल्यावर, म्हणजे टोकाला अडकल्यावर, इनपुटवर नेमकं काय घडतं?

फीडबॅक रोध १ मेगओम आहे आणि आउटपुट ५ व्होल्टपर्यंत जातं असं धरा. रोधातून जास्तीत जास्त ५ मायक्रोअँपिअर जाऊ शकतात. डायोडने ५० मायक्रोअँपिअर मागितले तर उरलेले ४५ कुठून तरी यायलाच हवेत. आउटपुट टोकाला पोचल्यावर ऑप-अँपचा इनपुटवरचा ताबा सुटतो आणि तो बिंदू ग्राउंडवरून खाली घसरू लागतो.

किती घसरेल हे बायसवर ठरतं. ॲनोड ग्राउंडला असेल तर डायोड अग्रदिशेने वाहू लागतो आणि जादा प्रवाह स्वतःमध्येच जिरवतो. इनपुट उणे ०.४ ते ०.६ व्होल्टवर थांबतं. ॲनोड उणे ३० व्होल्टला असेल तर इनपुटला उणे ३० कडे ओढ बसते. ते तिथवर जात नाही, कारण त्याआधी ऑप-अँपच्या पोटातले संरक्षक डायोड ऋण सप्लायकडे वाहू लागतात. तो प्रवाह किती, हाच मग जगण्या-मरण्याचा प्रश्न होतो.

एकाच सप्लायवर चालणाऱ्या सर्किटात, जिथे ऋण सप्लाय म्हणजेच ग्राउंड, बायस नसतानाही इनपुट सप्लायच्या खाली अर्धा व्होल्ट जातं. प्रवाह लहान असेल तर पिनला इजा होत नाही, पण काही जुन्या ऑप-अँपचं आउटपुट अशा वेळी उलट्या टोकाला उडी मारतं. खूप प्रकाशात वाचन शून्य दिसत असेल तर आधी हे तपासा.

४. डेटाशीटमध्ये कोणता आकडा बघायचा?

कमाल मर्यादांच्या तक्त्यात इनपुट प्रवाहाची ओळ शोधा. व्होल्टेजची मर्यादा बहुधा सप्लायच्या पलीकडे ०.३ किंवा ०.५ व्होल्ट अशी असते, आणि खाली टीप असते की प्रवाह अमुक मिलिअँपिअरच्या आत ठेवला तर ती ओलांडली तरी चालेल. ती टीप नसेल तर व्होल्टेजचीच मर्यादा पाळायची. दुसरं, दोन इनपुटांमध्ये पाठीला पाठ लावलेले डायोड आहेत का ते पाहा. असतील तर इनपुट ०.६ व्होल्टलाच अडतं आणि सगळा जादा प्रवाह त्या नाजूक डायोडांतून जातो.

मर्यादेच्या आकड्यावर सर्किट चालवू नका. मी निम्मा धरतो.

५. एकच भाग लावायची मुभा असेल तर कोणता लावावा?

बायस असेल तर बायसच्या वाटेत मालिकेत रोध. उणे ५० व्होल्ट बायस आणि १० किलोओम रोध : काहीही झालं तरी सतत वाहणारा प्रवाह ५ मिलिअँपिअरपलीकडे जाणार नाही. डायोड शॉर्ट झाला तरीही.

या रोधाचं मोल असं की मोजमापाला त्याची झळ जवळजवळ लागत नाही. नेहमीच्या १० मायक्रोअँपिअरला त्यावर ०.१ व्होल्ट पडतो. ५० पैकी ०.१ गेल्याने डायोडच्या प्रवाहात दिसण्याजोगा फरक पडत नाही, कारण उलट बायसमध्ये प्रवाह व्होल्टेजवर फारसा अवलंबून नसतो. रोध प्रवाहाच्या वाटेत आहे, पण इनपुटच्या नाजूक बिंदूवर नाही. गळती नाही आणि इनपुटला जादा कपॅसिटन्स नाही. शिवाय प्रकाश वाढला की रोधावरचा व्होल्टेज वाढतो, डायोडवरचा बायस कमी होतो आणि अतिरेक आपोआप आवरतो. इनपुटवर काही चिकटवण्याआधी नेहमी इथे रोध लावा.

६. पण बायसला कपॅसिटर लावावाच लागतो. मग रोधाचा उपयोग काय उरतो?

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि बहुतेक जण इथेच फसतात. रोध सप्लायला अडवतो, रोधानंतरच्या कपॅसिटरला नाही. ५० व्होल्टला भरलेल्या १० नॅनोफॅरडमध्ये ५०० नॅनोकूलंब असतात. अर्धा अँपिअर प्रतिवॅट देणाऱ्या डायोडवर १ मायक्रोज्यूलचा लेझर स्पंद पडला तर तो नेमका तेवढाच भार मागतो. स्पंद काही नॅनोसेकंदांचा असेल तर हिशोबाने शंभराच्या घरात अँपिअर निघतात. प्रत्यक्षात डायोडचा आतला रोध आणि तारांचा इंडक्टन्स ते कमी करतात, पण त्यावर विसंबू नये.

उपाय दोन, आणि दोन्ही करावेत. कपॅसिटर गरजेपुरताच ठेवा : डायोड १० पिकोफॅरडचा असेल तर १ नॅनोफॅरड त्याच्या शंभरपट आहे, पुरे होतो. आणि कपॅसिटर व डायोड यांच्यामध्ये ५० ते १०० ओमचा छोटा रोध घाला. १०० ओमला ५० व्होल्टमधून अर्धा अँपिअर, तोही १ नॅनोफॅरड रिकामा होईपर्यंत, म्हणजे १०० नॅनोसेकंदांच्या कालस्थिरांकाने. हा झटका बाहेरचा छोटा सिग्नल डायोड सहज झेलतो (प्रश्न ८). १० पिकोफॅरडबरोबर हा रोध १६० मेगाहर्ट्झला आड येतो, त्यामुळे बहुतेक कामांत त्याची अडचण होत नाही.

७. इनपुटच्या अगदी तोंडाशी १ किलोओम टाकला तर संरक्षण मिळेल ना?

मिळेल, पण किंमत मोजून. डायोड १०० पिकोफॅरडचा असेल तर १ किलोओमबरोबर १.६ मेगाहर्ट्झलाच सिग्नल पडू लागतो. रोधाचा स्वतःचा गोंगाट, हर्ट्झच्या वर्गमूळामागे ४ नॅनोव्होल्ट, ऑप-अँपच्या गोंगाटात मिसळतो.

जोडणीची जागा बदलली तर बरंच वाचतं. फीडबॅक रोध आणि त्याचा कपॅसिटर डायोडच्या बाजूला जोडा आणि १ किलोओम फक्त ऑप-अँपच्या पिनकडे जाणाऱ्या तुकड्यात ठेवा. मग सिग्नलचा प्रवाह त्या रोधातून जातच नाही. त्याला फक्त पिनचा कपॅसिटन्स दिसतो. ५ पिकोफॅरड धरले तर अडथळा ३० मेगाहर्ट्झच्या आसपास येतो. गोंगाट मात्र उरतोच, आणि वेगवान ऑप-अँपला तेवढा फेज-विलंबही डोलायला (आपोआप आंदोलित व्हायला) लावू शकतो. हे १० मेगाहर्ट्झखालच्या कामांसाठीच ठीक.

८. क्लॅम्प डायोड (इनपुटचं व्होल्टेज ठरावीक पातळीला अडवणारे) ग्राउंडला लावावेत की दोन्ही सप्लायना?

ग्राउंडला, एकमेकांच्या उलट दिशेने लावलेली जोडी. कारण साधं आहे. नेहमीच्या कामात उणे इनपुट ग्राउंडच्या बरोबरीने असतं, त्यामुळे जोडीवर व्होल्टेजच नसतं, आणि व्होल्टेज नाही तर गळती नाही. सप्लायना लावलेल्या डायोडांवर कायम पूर्ण सप्लायचं व्होल्टेज असतं. दोघांची गळती एकमेकींना कापेल या भरवशावर राहावं लागतं, आणि ती तापमानाबरोबर दर १० अंशांना साधारण दुप्पट होते.

सप्लाय धन-ऋण ५ व्होल्ट असतील तर ग्राउंडची जोडी इनपुटला ०.७ व्होल्टच्या आसपास, मोठ्या झटक्यात एखाद्या व्होल्टवर अडवते. ऑप-अँपचे आतले डायोड जागेही होत नाहीत. अपवाद दोन : एक सप्लाय म्हणजे ग्राउंड असलेलं सर्किट, आणि इनपुटांमध्ये डायोड असलेला ऑप-अँप (प्रश्न ४). या दोन्ही ठिकाणी क्लॅम्पनंतर, पिनच्या आधी, प्रश्न ७ मधला रोध लागतो, नाहीतर आतला आणि बाहेरचा डायोड प्रवाह वाटून घेतात आणि कोणाच्या वाट्याला किती हे सांगता येत नाही.

९. कोणता डायोड घ्यावा?

फीडबॅक रोध १ मेगओमपर्यंत असेल तर १एन४१४८ सारखा साधा डायोड बहुधा चालतो. त्यावर, किंवा पिकोअँपिअर मोजायचे असतील तर, कमी गळतीचा बीएव्ही१९९ घ्या : एका खोक्यात दोन डायोड, नमुनेदार गळती ३ पिकोअँपिअर, कपॅसिटन्स २ पिकोफॅरडच्या आसपास. त्याच्याही खाली जायचं असेल तर २एन४११७ए या जेफेटचा (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा) गेट-चॅनेल जंक्शन डायोड म्हणून वापरतात. त्याची गेट गळती १ पिकोअँपिअरच्या आत असते, पण तो मोठा प्रवाह झेलणारा भाग नव्हे. झटका आधी रोधाने आवरलेला हवा.

शॉटकी नको. तो लवकर वाहू लागतो म्हणून मोह होतो, पण त्याची गळती कित्येक पटींनी जास्त असते आणि शून्याजवळचा रोध फार कमी.

१०. क्लॅम्प लावला आणि अंधारातलं शून्य पार सरकलं, गोंगाटही वाढला. डायोडवर व्होल्टेजच नाही तर गळती कुठून आली?

गळती नाही, रोध आला. शून्य व्होल्टलाही डायोड म्हणजे एक रोध असतो. १एन४१४८ च्या जोडीचा तो १० मेगओमच्या घरात असतो. फीडबॅक रोध १ गिगाओम असेल तर ऑप-अँपच्या स्वतःच्या ऑफसेटला (दोन इनपुटांमधल्या मूळच्या छोट्या फरकाला) आता १०१ पट वाढ मिळते. १ मिलिव्होल्टचा ऑफसेट आउटपुटला १०१ मिलिव्होल्ट होऊन दिसतो. आधी तो जवळजवळ १ मिलिव्होल्टच होता.

गोंगाटाचंही तेच. १० मेगओमचा रोध हर्ट्झच्या वर्गमूळामागे सुमारे ४० फेम्टोअँपिअर गोंगाट देतो, १ गिगाओमचा फक्त ४. म्हणजे एवढा मोठा फीडबॅक रोध लावून जे कमावलं ते क्लॅम्पने गमावलं. १ मेगओमच्या सर्किटात मात्र रोधाचाच गोंगाट १३० च्या आसपास असतो, त्यात हे ४० फारसे जाणवत नाहीत. म्हणून प्रश्न ९ मध्ये सीमारेषा तिथे ओढली आहे.

बीएव्ही१९९ ने हा रोध कित्येक पटींनी वाढतो. ते करूनही शून्य सरकलेलंच असेल तर बोर्ड धुवा. सोल्डरिंगनंतर राहिलेला फ्लक्सचा थर डायोडपेक्षा जास्त गळतो. क्लॅम्पचा इनपुटकडचा पाय संरक्षक कड्याच्या (गळती अडवायला इनपुटभोवती काढलेल्या तांब्याच्या पट्टीच्या) आत आहे का तेही बघा.

११. खोलीतला दिवा लावला की शून्य हलतं, फोटोडायोड तर पूर्ण झाकलेला आहे. असं का?

काचेच्या खोक्यातला १एन४१४८ हाही प्रकाश ओळखतो. तुम्ही नकळत दुसरा फोटोडायोड लावला आहे, तोही इनपुटलाच. काळ्या प्लास्टिकच्या खोक्यातला भाग लावा. आउटपुटवर दिव्याची १०० किंवा १२० हर्ट्झची लहर दिसली तर शंका उरत नाही.

१२. सॅच्युरेट होऊच नये म्हणून फीडबॅक रोधाला समांतर डायोड लावला तर?

हा माझ्या आवडीचा उपाय आहे, कारण तो इनपुटला घसरूच देत नाही. जादा प्रवाह डायोडमार्गे आउटपुटकडून येतो, ऑप-अँपचा ताबा टिकतो, आणि प्रकाश ओसरला की सर्किट लगेच कामाला लागतं.

पण एकच डायोड लावला तर आउटपुट ०.६ व्होल्टलाच अडतं, आणि त्याच्या बरंच आधीपासून वाचन वाकडं होऊ लागतं. पूर्ण पल्ला हवा असेल तर अशी जोडणी करा : आउटपुटपासून ४.७ व्होल्टचा झेनर (तेवढ्या व्होल्टेजला उलट दिशेने वाहू लागणारा डायोड), कॅथोड आउटपुटकडे. त्याच्या ॲनोडपासून कमी गळतीचा डायोड, ॲनोड झेनरकडे आणि कॅथोड इनपुटकडे. दोघांच्या मधल्या बिंदूपासून ग्राउंडला १० किलोओम. नेहमीच्या कामात झेनरची गळती त्या १० किलोओममधून ग्राउंडला निघून जाते. १ मायक्रोअँपिअर गळला तरी मधला बिंदू १० मिलिव्होल्टच चढतो, आणि इनपुटकडच्या डायोडला ते जाणवत नाही. आउटपुट ५ व्होल्टच्या थोडं वर गेलं की दोन्ही वाहू लागतात. सप्लाय अर्थातच त्याहून जास्त हवा.

तीन अटी लक्षात ठेवा. ऑप-अँपचं आउटपुट तेवढा सगळा प्रवाह देऊ शकलं पाहिजे, म्हणजे सहसा २० ते ३० मिलिअँपिअरपर्यंत. ऑप-अँप एकपट वाढीलाही स्थिर असावा, कारण डायोड वाहू लागला की फीडबॅक जवळजवळ पूर्ण होतो. किमान ७ पट वाढ मागणारा ओपीए६५७ किंवा १२ पट मागणारा ओपीए८४७ अशा वेळी डोलू शकतो. आणि नॅनोसेकंदांच्या झटक्याला ऑप-अँप पोचतच नाही, म्हणून स्थिर वीज आणि केबलसाठी प्रश्न ८ ची जोडी वेगळी लागतेच.

१३. प्रकाश गेल्यावरही आउटपुट कितीतरी वेळ टोकालाच राहतं. काही बिघडलं का?

नाही. डायोडचा कपॅसिटन्स परत भरावा लागतो. १०० पिकोफॅरडचा डायोड अर्धा व्होल्ट घसरला असेल तर ५० पिकोकूलंब हवेत. १ गिगाओममधून ५ व्होल्टला मिळतात ५ नॅनोअँपिअर, म्हणजे १० मिलिसेकंद लागतात. त्यात ऑप-अँपचा स्वतःचा सावरायचा वेळ धरा. यावर प्रश्न १२ ची जोडणीच कामी येते.

१४. ॲव्हलांश डायोड (प्रवाह आतच वाढवणारा फोटोडायोड) आणि फोटोमल्टिप्लायरला (तेच काम करणाऱ्या निर्वात नळीला) हेच नियम लागतात का?

तत्त्व तेच, आकडे धोक्याचे. सिलिकॉन ॲव्हलांश डायोडचा बायस शे-दोनशे व्होल्ट आणि वाढ शंभरच्या घरात असते, म्हणजे प्रश्न १ मधला दिलासा इथे शंभराने भागला जातो. बायसच्या वाटेत १०० किलोओम ते १ मेगओम ठेवा. प्रवाह वाढला की बायस पडतो आणि वाढ आणखी झपाट्याने पडते. हे या डायोडांचं मोठं सुख आहे. प्रश्न ६ मधला कपॅसिटर इथे चौपट जपून निवडा, कारण ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने वाढते.

फोटोमल्टिप्लायरचा ॲनोड मोकळा राहिला तर अंधारातल्या प्रवाहानेही केबल भरत जाते. अ‍ॅम्प्लिफायरला जोडण्याआधी केबलचं टोक ग्राउंडला टेकवा, दर वेळी. किंवा ॲनोडपाशी ग्राउंडला कायमचा एक मोठा रोध लावून ठेवा.

१५. सप्लाय बंद आणि बायस चालू राहिला तर?

तेव्हा इनपुटचे आतले डायोड बंद सप्लायकडे वाहतात. प्रवाह प्रश्न ५ च्या रोधाने आवरलेला असेल तर पिन वाचते. तरीही क्रम पाळा : आधी सप्लाय, मग बायस. बंद करताना उलट. बायस हळूहळू चढवा. त्याला गाळणीचा रोध-कपॅसिटर असेल तर ते आपोआपच होतं.

१६. तयार सर्ज-संरक्षक डायोड का लावू नये?

मोठ्यांचा कपॅसिटन्स दहा ते शेकडो पिकोफॅरड असतो आणि गळतीही जास्त. उपकरणाच्या सप्लायच्या तोंडाशी जरूर लावा, इनपुटला नको. अर्ध्या पिकोफॅरडचे छोटे भाग मिळतात. ते वेगवान आणि कमी रोधाच्या सर्किटात चालतात.

१७. डायोडच १ पिकोफॅरडचा आहे आणि शेकडो मेगाहर्ट्झ हवेत. इनपुटला काहीच परवडत नाही. काय करावं?

तर इनपुटला काही लावू नका. सगळं बायसच्या बाजूला करा : रोध, आणि शक्य तेवढा लहान कपॅसिटर, १०० पिकोफॅरडसुद्धा इथे पुरतात. डायोड त्याच बोर्डवर सोल्डर करा म्हणजे केबलचा आणि बोटाचा प्रश्नच मिटतो. प्रकाशाची कमाल पातळी ऑप्टिकल क्षीणकाने आवरा. जोडणी करताना मनगटपट्टा घाला. यात कमीपणा काही नाही, वेगाच्या टोकाला संरक्षण असंच असतं.

१८. इनपुट पूर्ण मेलेलं नाही पण दुखावलं आहे, हे कसं ओळखू?

अशा सर्किटावर कोणी महिनोन् महिने मोजमापं घेत राहिलं की मला वाईट वाटतं, कारण ते चालतं, फक्त खोटं बोलतं. फोटोडायोड सोडवा, झाकण लावा, आउटपुट बघा. १ गिगाओमला दर पिकोअँपिअरमागे १ मिलिव्होल्ट मिळतो. डेटाशीटमधल्या बायस प्रवाहाच्या कित्येक पट दिसत असेल, बोर्ड धुऊन-वाळवूनही तेच असेल, तर क्लॅम्प काढून परत मोजा. तरीही तेच असेल तर पिन दुखावली आहे. हळू हेलकावणारा, कमी वारंवारितेचा वाढलेला गोंगाट हीही तिचीच खूण. नवीन बोर्ड तयार झाल्याच्या दिवशी हे वाचन तापमानासह लिहून ठेवा, म्हणजे पुढे कशाशी ताडायचं हे हाताशी राहील.